रंगारी मास्तरांच्या तीन सह्या

रंगारी मास्तर शाळेतून आले की आधी कोनाड्याकडे जात. तिथे एकाच म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचे तीन फोटो होते, तिन्हींवर त्याची शाईची सही. अणूचं पोट उकलणारा हा परदेशी माणूस. मास्तर त्याला दरवर्षी पत्र लिहीत आणि तो सही करून फोटो धाडी. सही फिकी तर पडली नाही ना, म्हणून मास्तर मान वाकडी करून बघत. "उन्हाचा भरवसा नाही, भाऊ," असं मला म्हणत. त्यांचा भरवसा कशावरच नव्हता. फोटोंना काच बसवायला वणीच्या बाजारात द्यावे, तर दुकानदार ते हरवेल ही भीती! मी त्यांचा शेजारी. त्यांच्या काळजीने मलाच धाप लागे.

तो कोनाडा मुळात देवांचा. छप्पन्नच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर मास्तरांच्या आईने, मंजुळाबाईंनी, स्वतःच्या हाताने देव निर्गुडा नदीत सोडले होते.

आमच्या वस्तीत विहार नव्हता, म्हणून दर रविवारी एकेका घरी बुद्धवंदना होई. मास्तरांची पाळी होती त्या दुपारी त्यांनी मला ओढतच घरात नेलं. मधल्या फोटोवर, शास्त्रज्ञाच्या कपाळावर, कुंकवाचं बोट उमटलेलं.

"माय, हे काय केलं वं?"

"आंघोळ झाली का हात आपोआप जाते तिकडं, बाप्पा. जन्माची सवय हाय."

"लोक म्हणतीन, मास्तरनं जुने देव सोडले अन् नवा बसवला! कोन्या तोंडानं वंदना म्हनू मी?"

घाबरून त्यांनी फोटोवर ओलं फडकं फिरवलं. वर्गात विज्ञान शिकवणारा माणूस! कुंकू पसरलं आणि सही पार वाहून गेली. तेवढ्यात माणसं दारात आली.

दशरथबाबा वस्तीतले सर्वांत वडीलधारे. त्यांची नजर नेमकी त्या लाल डागावर गेली.

"मास्तर, हे कुंकू कोनं लावलं?"

आता म्हातारीची चारचौघांत शोभा होणार, असं मला वाटलं. मास्तर आईच्या पुढे उभे राहिले.

"म्या लावलं, बाबा."

"खोटं नोको बोलू," मंजुळाबाई पुढे आल्या. "म्या लावलं. देव सोडले नदीत. हात कुठी सोडू?"

दशरथबाबांनी उंबऱ्याकडे पाहिलं.

"माही बुढी अजून उंबऱ्याले लावते," ते हळूच म्हणाले. "लोकं उठाच्या आंधी मी पुसून टाकतो. बस, मास्तर. वंदना सुरू कर."

मास्तरांनी हात जोडले आणि आईकडे पाहिलं. पहिली ओळ मंजुळाबाईंनीच म्हटली.