गोदाआत्याचं प्रस्थान

गोदाआत्या काल गेली. तिच्या वाट्याला एक मोंबासा आलं होतं, ते माझ्या वडिलांनी कोटाच्या खिशात घातलं.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. वडील जाऊन चाळीस वर्षं होत आली, आता काय बिघडणार आहे!

आत्याला म्हातारपणी पाहिलेल्यांना तिचं तिकिटांचं वेड आठवत असेल.

माझी नात जर्मनीला निघाली तेव्हा ही पंच्याण्णव वर्षांची बाई खाटेवरून नातीला आणि मला ओरडून सांगत होती, "तारीख वाच. आता तू वाच. आता दोघी एकमेकींना न सांगता वाचा!"

नातजावई म्हणाला, "आजी, सगळं ऑनलाइन असतं. काही बदललं तर फोनवर मेसेज येतो."

"कुणाच्या फोनवर?"

"माझ्या."

"मंग तिच्या फोनवर का न्हाई?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मला कारण माहीत होतं.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. आमचं गाव टेंभुर्णी. आत्या वीस वर्षांची. नवरा आफ्रिकेत, मोंबासाला फिटर. लग्नानंतर सहा महिन्यांत तो गेला आणि चार वर्षांनी त्याने बोटीचं तिकीट पाठवलं.

ती चार वर्षं आत्या भावाकडे. भाऊ म्हणजे माझे वडील, त्यांना घरात सगळे दादाच म्हणायचे. तिकीट आलं तेव्हा माझी आई पहिलटकरीण, दिवस अवघड, अंथरुणाला खिळलेली. चूल, जनावरं, आईचं दुखणं, सगळं आत्यावर.

गावात जे शिकलेले होते ते उर्दू शिकलेले. आत्याला मराठी तेवढं वाचता यायचं, पण तिकीट इंग्रजीत आणि इंग्रजी वाचणारे एकटे दादा. आत्या रोज तिकीट काढून त्यांच्यापुढे धरायची. "परत एकदा बघा." तिकिटावरच्या तारखेचे आकडे तिला बघून बघून ओळखीचे झाले होते.

निघायच्या दिवशी मुहूर्त नव्हता. म्हणून आठ दिवस आधी चांगला वार बघून प्रस्थान ठेवलं.

नव्या पोरांसाठी सांगते. मुहूर्तावर सामानातलं एक गाठोडं शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं, म्हणजे माणूस निघाला असं धरायचं. मग निघेपर्यंत ते घरी परत आणायचं नाही, त्याची गाठ सोडायची नाही. सोडली तर प्रवास मोडतो.

आत्याने त्यात सुपारी, हळकुंड आणि नवं लुगडं बांधलं. आणि जपून राहावं म्हणून तिकीट आणि पासपोर्टही त्यातच.

शहाणी माझी बाई!

तीन दिवसांनी मुंबईहून बोटकंपनीचं इंग्रजी पत्र आलं. दादांनी ते ओट्यावर उभ्यानेच वाचलं.

"काय लिवलंय?"

"तेच. तारीख बराबर हाय."

"तेच हाय, तर मंग पत्र कशाला धाडलं?"

"कंपनीची रीत असती."

"द्या इकडं. तिकिटाशी ताडून बघते. आकडे कळतेत मला."

"प्रस्थान सोडतीस? सोड. मंग प्रवास मोडला तर मला बोलू नको."

आत्याने पुढे केलेला हात मागे घेतला. पत्र कोटाच्या खिशात गेलं.

बैलगाडीने जालना, मनमाडला गाडी बदलून मुंबई. गाठोडं सगळी वाट तिच्या मांडीवर. बंदरावरच्या ऑफिसातला कारकून म्हणाला, "बोट कालच गेली. दोन दिवस अलीकडे आणली होती. पत्र पाठवलं होतं की!"

आत्याने दादांकडे पाहिलं. दादा स्वतःच्या पायांकडे बघत होते.

परत येताना मनमाडच्या फलाटावर ते बोलले. "बाळंतपण होऊ दे. मंग दुसऱ्या बोटीनं जा. दोन महिन्याचा तर सवाल हाय."

बाळंतपण झालं. तिसऱ्या दिवशी आई गेली. मागे राहिलेलं बाळ म्हणजे मी.

मोंबासाहून एकच पत्र आलं. ते मराठीत होतं, तिचं तिला वाचता आलं. 'बंदरावर उभा होतो. सगळे उतरले, तू उतरली नाहीस. तुझी मर्जी समजलो.' तिने तीन उत्तरं धाडली. तोवर त्याने तिकडे दुसरं घर मांडलं होतं.

दहा वर्षांची असताना मी विचारलं, "आत्या, तू का नाही गेलीस?"

ती माझी वेणी घालत होती. "तू यायची होतीस ना," म्हणाली आणि पेड असा ओढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मला पोटाशी धरून स्वतःच रडत बसली.

दादांना मात्र तिने चाळीस वर्षं रडून दाखवलं नाही. रोज वेळेवर ताट वाढलं. भाजी झाली का, गुरं बांधली का, औषध आणलं का, काहीही विचारा, उत्तर एकच.

"बराबर हाय."

दादांचा घास तिथेच थांबायचा.

गाठोडं तसंच बांधलेलं, त्यांच्या खाटेसमोरच्या खुंटीला. शेवटच्या आजारात ते म्हणाले, "गोदे, सोड ते आता. बघवत न्हाई मला."

"प्रस्थान सोडलं तर प्रवास मोडतो, दादा. तुम्हीच म्हणल्ते."

"माफ कर मला."

तिने त्यांचं तोंड पुसलं, उशी सारखी केली. "बराबर हाय," म्हणाली.

तिने माफ केलं की नाही हे त्यांना कळलंच नाही. तसेच गेले. तेव्हा मला आत्या फार निर्दयी वाटली होती. होतीच. आणि तिला तो हक्क होता.

काल माझा मुलगा म्हणाला, "आई, गाठोड्यात पासपोर्ट असेल. त्यावर आत्याआजीचा विशीतला फोटो असेल. सोडून बघू या?"

मला तो फोटो बघायचा होता. फार बघायचा होता.

नाही सोडलं. बांधलेलंच तिच्या उशाशी ठेवलं, तिच्याबरोबर गेलं.

स्मशानातल्या फॉर्मवरची तारीख मी वाचली. मग जर्मनीहून व्हिडिओ कॉलवर नातीने वाचली. एकमेकींना न सांगता.

बराबर हाय, आत्या.

जा आता.