हमीदच्या फटफटीची साखळी

बिघडलेली फटफटी आणि तीन रिकामटेकडे दोस्त एका अंगणात आले की किस्से गोळा करावे लागत नाहीत, चिंचेखाली चिंचा पडाव्यात तसे पडतच राहतात! निजामाचं राज्य होतं. आम्ही तिघं भूमचे. मी शाळामास्तर, नाना जोशी भिक्षुक, आणि हमीद लाकडाच्या वखारीचा मालक. सगळ्या भूममध्ये फटफटी एकच, ती हमीदची.

हमीदचं लग्न ईटला ठरलं. सासरे चाँदसाहेब गावभर सांगत सुटले, "आमचा जावई घोड्यावर न्हाय, फटफटीवर येणार!" आणि ऐन लग्नाच्या आठवड्यात इंजिन खडखडायला लागलं. आतली टायमिंगची साखळी गेली होती.

हमीद रडकुंडीला आला. "मास्तर, सासऱ्यांचं नाक कापलं जाईल रे!"

"घरीच बदलू की! त्यात काय एवढं?" मी म्हणालो. कधी इंजिन उघडलं नव्हतं, पण मास्तर होतो ना!

*

नवी साखळी नानानं सोलापुरातून आणली. सोलापूर इंग्रजांचं, त्यामुळं येताना तामलवाडीला करोडगिरीचा नाका. जकात चुकवायला पठ्ठ्यानं ती तेलकट साखळी धोतराच्या आत कमरेला गुंडाळली.

नाक्यावरच्या जवानानं विचारलं, "क्या पंडितजी, धोती इतकी काली?"

नाना शांतपणे म्हणाला, "साडेसाती चालू हाय, साहेब. शनी आतून बाहेर फुटायलाय!"

जवान झटकन मागं सरला. "जाओ, जाओ!"

*

सुटे भाग ठेवायला आम्ही घरातली मोठी परात घेतली. हमीदची अम्मी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "लग्नाचा मसाला कशात कालवू रे, मुडद्यांनो?"

"अम्मी, इंजिनाचे पुर्जे हायत ते."

"मंग पाव्हन्यांना तेच वाढा!"

*

साखळी ज्या दोन चाकांवर बसते, त्या दोन्ही चाकांवर मी लाल रंगाचा एकेक ठिपका दिला. ते ठिपके नेमक्या जागी जुळले तरच इंजिन नीट चालतं. मी हात धुवून येईपर्यंत नानानं यंत्राची पूजा उरकली, आणि दोन्ही चाकांच्या दात्यादात्याला कुंकू!

"नाना! माझे ठिपके कुठं हायत?"

"एवढे दिलेत की! त्यातले कुठलेबी दोन घे!"

मला रडावं का हसावं कळेना.

*

कुठलेबी दोन घेऊन साखळी बसवली. किक मारली की इंजिन नुसतं ठसकायचं. लग्नाचा दिवस उजाडला. शेवटी हमीदला शेरवानीत फटफटीवर बसवलं आणि फटफटी दोरानं बैलजोडीमागं बांधली. ईटच्या वेशीबाहेर दोर सोडायचा, आणि मांडवापर्यंत आम्ही ढकलत न्यायची, असा बेत.

वेशीच्या अलीकडं उतार लागला. हमीदला काय हुक्की आली कोण जाणे, त्यानं गिअर टाकला. इंजिननं असा बार काढला की बैलच उधळले! धुरळा उडवत वरात वेशीतून आत, मांडवाच्या दारात हार घेऊन उभ्या असलेल्या चाँदसाहेबांसमोरून पुढं, आणि गावाच्या दुसऱ्या टोकानं बाहेर!

मी धापा टाकत मांडवात पोचलो.

चाँदसाहेबांनी हार खांद्यावर टाकला, मिशीला पीळ दिला आणि गावाकडं वळून म्हणाले, "बगितलं का? आवरायला पुढं बैल जुपलेत, तरी आवरंना!"