डायनासोरचं तोंड

जंगलातल्या गुंद गावात डायनासोर सापडला होता आणि तो मी शोधून काढला होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तिथे शाळेत विज्ञान शिकवायचो आणि राहायचो सासऱ्यांकडे (घरजावई म्हणा, गाव म्हणायचंच). सासऱ्यांना, म्हणजे मामांना, माझ्यात नाव घेण्यासारखं काही दिसत नव्हतं. त्यांच्या तोंडून एक बरा शब्द निघावा म्हणून मी तीन वर्षं झुरत होतो.

मामा खानापूरला लग्नाला गेले आणि इकडे ओढ्याने त्यांच्या शेताचा बांध खचवला. मातीत ही एवढी मोठी हाडं! तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आठवड्यावर आलेलं. बायको वडिलांबद्दल काहीतरी सांगायला लागली, "अहो, आप्पांनी तिथं..." मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हटलं, विज्ञान सासऱ्याला विचारून चालत नाही.

अर्धी हाडं ओढ्याने नेली होती, कवटीचा पत्ता नव्हता. हाड नाही तिथे मी बांबू लावला. पुस्तकातल्या चित्रात लांब, बारीक मान होती. माझ्याकडे बारीक मणक्यांची लांब ओळ होती. तिची मान केली, वर चिकणमातीचं डोकं, त्यात फणसाच्या आठळ्यांचे दात. पाटी लिहिली : वय कोट्यवधी वर्षं.

जोयड्याला तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षक माना डोलावत होते, तेवढ्यात मामा खानापूरच्या बसमधून उतरून थेट तिथेच आले. सांगाड्याभोवती दोनदा फिरले. एका बरगडीवर गाठ होती, तिच्यावर त्यांनी हात ठेवला.

"ह्यो आमचा हरण्या हाय. हितं गव्यानं शिंग मारलं हुतं त्याला."

हरण्या त्यांचा बैल. चौदा वर्षं राबला, मेल्यावर मामांनी त्याला हळदकुंकू लावून बांधाशी पुरला आणि दोन दिवस जेवले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मास्तर, तुमी तोंड शेपटीला लावलंय."

मग खाली बसून त्यांनी सगळं सोडवलं आणि पाव तासात बैल उभा केला. बांबू काढून टाकले. परीक्षकांनी विचारलं, मोकळ्या जागी काय लावणार?

"जे न्हाई ते न्हाई, सायब."

पहिलं बक्षीस मामांना मिळालं.

दुसऱ्या दिवशी हरण्याला परत पुरायला मी एकट्याने कंबरभर खड्डा खणला. मामांनी वाकून पाहिलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला बरं म्हणाले, "खड्डा मातर झ्याक काढता तुमी."

तेव्हापासून गावात कुणाचंही जनावर गेलं, की विज्ञानाच्या मास्तरांना बोलावणं यायचं.