उतरण्याची सायकल

माणसाची सारी प्रगती म्हणजे चढण, असं मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. माझ्या भाचीची नवी सायकल फक्त डोंगर उतरण्यासाठी आहे. वर ती जीपमधून येते. तिची साखळी आधी एका जादा चक्रीवर चढते, मग मागच्या चाकाकडे वळते. सांगाड्याला माझ्यापेक्षा जास्त सांधे आहेत आणि ते दुखत नाहीत.

"दगड लागला की चाक मागे सरकतं, मामा. आपटत नाही."

गेल्या वर्षी याच उतारावर तिचं खांद्याचं हाड मोडलं होतं.

"पेडल मारावं लागतं?"

"फारसं नाही."

"मग साखळीला एवढा वळसा कशाला?"

"तू ना, मामा!" म्हणत ती सुटली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती पायथ्याशी धडधाकट उभी राहून हात हलवत होती. सायकलला स्टँड नसल्यामुळे ती तिने गवतात आडवी टाकली होती.