एकाच्या पट्ट्यातली काठी

कातडी पट्ट्याची ती कुरकुर लहानपणापासून माझ्या कानांत मुरलेली आहे. मकरसंक्रांत जवळ आली की सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजांचा, म्हणजे मानाच्या उंच काठ्या पेलण्याचा, सराव सुरू होतो. संध्याकाळच्या गारव्यात आमच्या गल्लीतूनही दोन मजली घराएवढी एक बिनसाजाची काठी हळूहळू सरकते, आणि पेलणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्यात तिचा भार उतरला की कातडं कुरकुरतं. त्या आवाजाचा अर्थ मात्र मला पस्तिशी उलटल्यावर कळला, तोही माझ्याच एका चुकीपायी.

मी वेबसाइट तयार करते. शहरातल्या एका डायलिसिस केंद्रासाठी वेळ नोंदवण्याची सोय मी केली होती. सर्व्हरच्या पोटात एकच आकडा होता: उद्या सकाळी खुर्च्या किती रिकाम्या. कुणी मोबाइलवर बटण दाबलं की सर्व्हर तो आकडा पाही, खुर्ची देई आणि आकडा एकाने कमी करी. किती सरळ, किती निष्पाप व्यवहार! पण सर्व्हर एकाच वेळी अनेक हातांनी काम करतो. एका हाताने आकडा पाहून तो बदलायच्या आत दुसऱ्यानेही पाहिला, तर शेवटची खुर्ची दोघांनाही रिकामीच दिसते. हे मला ठाऊक होतं. असा योग कुठला यायला, म्हणून मी दुर्लक्ष केलं.

योग आलाच. मैंदर्गीच्या गौराक्का आणि मंगळवेढ्याचे एक निवृत्त गुरुजी पहिल्या एसटीने येऊन एकाच खुर्चीपाशी उभे राहिले. केंद्रातल्या सिस्टरांचा फोन येताच मी धावत गेले. गुरुजींना धाप लागली होती, म्हणून अक्कांनी आपणहून त्यांना बसू दिलं आणि सुजलेले पाय घेऊन स्वतः दुपारपर्यंत बाकावर थांबल्या. "असू दे गं, मशिनीला काय कळतंय," अशी वर माझीच समजूत घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीनला नाही, पण तिचा प्रोग्राम लिहिणारीला कळायला नको होतं का?

त्या संध्याकाळी परतताना गल्लीत सराव चालला होता. काठी नव्या गड्याच्या पट्ट्यात उतरली, तोच जुन्याने मदत म्हणून पुन्हा हात घातला आणि ती कलंडली. काठीचे दोर धरणाऱ्यांनी ती कशीबशी सावरली. शिकवणारे अण्णा वैतागले. "दोगांनी धरली की पडती, कितींदा सांगायचं? आता त्याची हाय, तू बाजूला थांब की. आन् तू बी लई येळ धरून मिरवू नगंस, फुडच्याला दे."

मी तिथेच थबकले. दोघांचं बळ दुप्पट, असं आपण धरून चालतो. पण काही भार क्षणभर एकाचेच असावे लागतात. थांबणाऱ्याला त्यात कमीपणा कसला? त्याच्या थांबण्यावरच तर काठी उभी असते.

दुसऱ्या दिवशी मी आकड्याला कुलूप लावलं. एक हात आकडा पाहून बदलेपर्यंत बाकीच्यांनी दाराशी थांबायचं. उत्साहाच्या भरात आधी सबंध वेबसाइटलाच कुलूप घातलं होतं, तर नुसता पत्ता पाहणारेही रांगेत ताटकळले. मग अण्णांचं 'लई येळ धरून मिरवू नगंस' आठवलं. कुलूप तेवढ्या क्षणापुरतंच ठेवलं, आणि काम मध्येच बिघडलं तरी तो हात बाहेर पडताना ते उघडलं जाईल अशी तजवीज केली. ऑफिसातल्या सगळ्यांना एकदम बटण दाबायला लावलं, पुन्हा पुन्हा. शेवटची खुर्ची दर वेळी एकालाच मिळाली.

पुढच्या आठवड्यात सकाळीच, मी देऊन ठेवलेल्या नंबरावर, मैंदर्गीच्या स्टँडवरून अक्कांचा फोन आला. "एसटी लागलीय. खुर्ची माजीच हाय न्हवं? नसंल तर सांग, म्हंजे चढत न्हाय."

पूर्वी मी चटकन हो म्हटलं असतं. या वेळी आधी नोंद उघडून पाहिली आणि मग म्हणाले, "तुमचीच आहे, अक्का. या."

फोन बंद करायला त्या विसरल्या. कंडक्टरची घंटी ऐकू आली, आणि त्या टेकल्या तशी सीटची कुरकुर. आपला सगळा भार त्यांनी माझ्या एका शब्दावर टाकला होता. गाडी सुटेपर्यंत मी फोन कानाशी धरून उभी राहिले.