पायविहीर आणि आखाजीची घागर

विहिरीत गाळ नेमका कधी पडतो ते कुणाला दिसत नाही. रोज पाणी काढावं, रोज ते तसंच दिसावं. आणि दहा वर्षांनी उपसायला उतरावं तर कमरेएवढा चिखल! किश्शांचंही तसंच. सरकारी विहिरींच्या कामावर मी पाच-सहा वर्षं काढली. तेव्हा वाटायचं, रोजचीच तंगडतोड आहे, यात सांगण्यासारखं काय! आता चार मित्र जमले आणि जरा ढवळलं, की वर येतच राहतं.

मी गोष्टीत मीठ जरा जास्त घालतो, ही तक्रार जुनीच आहे. मान्य! पण हे किस्से पिण्याच्या पाण्याचे. त्यात मीठ घालून कसं चालेल?

तर गोष्ट साधारण अठ्ठावन्न-एकोणसाठची. आम्ही तिघं. ठोसरसाहेब सॅनिटरी इन्स्पेक्टर. पुण्याकडचे, खाकी हाफ पँट, पायात बूट, आणि कायम खरं बोलायची खोड. रहीमचाचा गवंडी, शहाद्याचे. आणि मी. माझं काम औषधाचा डबा वाहायचं, वहीत नोंदी करायच्या आणि गोष्टी सांगून माणसं जमवायची. लोक आम्हाला ‘विहीरवाले’ म्हणत.

आमचा शत्रू एकच. नारू! पायविहिरीत माणसं पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून उभी राहायची, तेच पाणी घागरीत भरायची. एकाच्या पायातल्या नारूची पिल्लं पाण्यात, पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात. आणि मग वर्षभर चिडीचूप! बरोबर वर्षाने पायाला फोड येतो, फोड फुटतो आणि आतून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं काढतो. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सडतो.

साहेब म्हणायचे, “आफ्रिकेत हेच, अरबस्तानात हेच. जिथं चांगलं पाणी नाही, तिथला माणूस असाच खाटेवर पडतो.”

* * *

खांडबाऱ्याच्या बाजारात मी एकदा माणसं जमवत होतो. म्हटलं, “मंडळी, मी या डोळ्यांनी असा नारू पाहिलाय, की त्याने म्हैस बांधली होती. म्हशीने हिसका दिला, दावं तुटलं, नारू नाही तुटला!”

शंभरेक माणसं गोळा झाली. साहेबांनी मला बाजूला घेतलं. “काय हे? नारू दोन-अडीच फुटांचा असतो. लोकांना खरं सांगा!”

“साहेब, अडीच फुटांच्या नारूला माणसं जमत नाहीत!”

साहेब स्वतः पुढे झाले आणि अर्धा तास अगदी खरं खरं बोलले. शेवटी समोर दोन म्हातारे आणि एक शेळी उरली. त्यातला एक म्हातारा मला विचारत होता, “ती म्हैस कोणती व्हती भो?”

* * *

लोणखेड्याच्या पलीकडे एका गावात विहिरीत लाल औषध टाकलं. साहेबांनी बजावून सांगितलं, “आजचा दिवस पाणी काढू नका.” हे कुठलंच गाव ऐकायचं नाही. आमची पाठ फिरली की घागर आत!

पाचव्या दिवशी परत गेलो तर विहिरीच्या काठाला हळदकुंकू, फुलं आणि बायकांची झुंबड. चार दिवस गावात एकानेही विहिरीला हात लावला नव्हता. सगळे नदीच्या झिऱ्यावर जात होते.

साहेबांना गहिवरून आलं. “बघा, समजावून सांगितलं की लोक ऐकतात!”

मी एका आजीला हळूच विचारलं, “काय व्हयनं व माय?”

ती माझ्या कानाशी आली. “पानी लाल उनं ना! विहीर बाहेर बशेल व्हती. चार दिन कोणी शिवाव नही. आज तिनी न्हानी व्हयनी.”

साहेबांनी डायरीत लिहिलं, ‘ग्रामस्थांचे सहकार्य उत्तम.’ मी ते खोडायला सांगितलं नाही.

* * *

आता ज्या गावाची खरी गोष्ट, त्याचं नाव सांगत नाही. तिथली पायविहीर मोठी सुंदर. बावीस पायऱ्या, आणि शेवटच्या पायरीवर शेंदूर लावलेल्या सात शिळा. साती आसरा, पाण्याच्या देवी. आणि गावात दर चार घरांमागे एक माणूस नारूने आडवा.

साहेबांनी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन भिंगाखाली धरलं. आतले ठिपके टुणटुण उड्या मारताना सगळ्यांनी पाहिले. गावात एकच घर असं होतं, जिथं कधी नारू निघाला नव्हता. शेठजींचं. त्यांच्याकडे धर्म म्हणून पाणी दुपदरी फडक्यातून गाळत.

साहेब पेटून म्हणाले, “बघा! शेठजींच्या घरात नारू का जात नाही?”

मागून आवाज आला, “तठे शेठाणी शे साहेब! नारूनी काय हिंमत!”

सगळी चावडी हसली. शेठजीही हसले. हसली नाही ती एकटी सोनामाय.

* * *

सोनामाय साठीची, विधवा. आसरांचा शेंदूर, दिवा तिच्याकडे. तिचा शब्द गावात चालायचा. तिला दोन मुलगे. थोरल्याचा नारू ओढताना तुटला, पाय सडला, आणि पोळ्याच्या आधी तो गेला. धाकटा उखा. त्याच्याही पायांना दर उन्हाळ्यात नारू. ऐन पेरणीला तो खाटेवर आणि ही बाई एकटी पाभरीमागे.

साहेब म्हणत होते, पायऱ्या बुजवू, वर काठ बांधू, चाक बसवू. दोर टाकून पाणी काढा, पाण्यात पाय घालू नका.

सोनामाय म्हणाली, “आसरास्नी वाट बुजाडशीन? एक पोऱ्या त्यास्नी लई लिधा. आते हाऊ एकच ऱ्हायना.”

थोरला आसरांनीच ओढून नेला, असं ती धरून होती. मग तीच म्हणाली, “आखाजीले जेवाले या. मंग बोलसूत.”

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या खानदेशातला मोठा सण. झाडाझाडाला झोके, माहेरी आलेल्या लेकी, आमरस, सांजोऱ्या. आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने नवी घागर भरून पुजायची. आम्ही दोघं गेलो. रहीमचाचा शहाद्याला होते. पानं वाढली आणि सोनामायने घागरीतून दोन लोटे भरून आमच्यापुढे ठेवले.

साहेबांनी लोट्यात पाहिलं. मग सौम्यपणे म्हणाले, “माय, हे जरा गाळून...”

“त्या घागरमा मन्हा मोठा पोऱ्या शे,” ती म्हणाली. “त्याले फडकामा गाळू का?”

भिंगातून ते पाणी पाहिलेला माणूस! तरी साहेबांनी लोटा उचलला आणि डोळे मिटून सगळा प्यायले.

आणि मी? सोनामाय रस आणायला आत वळली, तेवढ्यात माझा लोटा मी मागच्या धान्याच्या कणगीआड ओतला. मग मिशा पुसल्या आणि म्हटलं, “गार शे पानी!”

सोनामाय बाहेर आली. रिकामे लोटे पाहिले. म्हणाली, “बांधा.”

* * *

रहीमचाचा आले आणि दोन दिवस नुसते बसून राहिले. साहेब कावले. “चाचा, भिंत कधी सुरू करणार? पाऊस तोंडावर आलाय.”

चाचा म्हणाले, “साहब, जिसका घर है, उसी को बाहर रखके ताला नहीं लगाते. पहले इन माँजी लोगों की जगह बताव.”

मग त्यांनी काठाच्या भिंतीतच सात कोनाड्यांची देवळी बांधली, पाण्याकडे तोंड करून. त्या शिळा तळातून वर आणायच्या कुणी? गावातला एकही गडी पुढे होईना. शेवटी बावीस पायऱ्या सात वेळा मी उतरलो-चढलो. मग पायऱ्यांवर पहिली पहारही मीच मारली.

सोनामायने काठावरून वाकून साती कोनाडे पाहिले. मग चाचांना म्हणाली, “आते त्यास्ले ऊन लागाव नही.” चाचांनी नुसते हात जोडले.

साहेबांनी जाताना चावडीवर सांगितलं, “यंदा जे पाणी प्यायलात, त्याचा नारू पुढल्या उन्हाळ्यात निघेल. तेव्हा घाबरू नका. त्याच्या पुढल्या वर्षी एकही नारू निघणार नाही.” माणसांनी माना डोलावल्या. वर्षानंतरची गोष्ट कोण लक्षात ठेवतो!

* * *

पुढच्या उन्हाळ्यात त्या गावात चाळीसेक नारू निघाले. कधी नव्हे इतके. एकट्या उखाच्या पायांना चार!

निरोप आला तो एवढाच, “भिंत फोडी ऱ्हायनूत.”

साहेब आठ दिवस रजेवर, शहाद्यातच. मी सांगायला गेलो तर उठले, बूट घालायला गेले आणि तसेच खाली बसले. घोट्याजवळ पट्टी होती. बैलगाडीत गवत अंथरलं, त्यांना बसवलं, चाचांना घेतलं आणि निघालो.

विहिरीवर पंधरा-वीस गडी पहारी घेऊन उभे. सोनामाय देवळीला पाठ लावून बसलेली. ती ना हो म्हणत होती, ना नाही.

साहेब गाडीतून लंगडत उतरले, सगळ्यांपुढे पट्टी सोडली. काडीला गुंडाळलेला नारू! म्हणाले, “या विहिरीचं पाणी मी आयुष्यात एकदाच प्यायलो. मागल्या आखाजीला. तेव्हा भिंत नव्हती. दोष भिंतीचा नाही, पाण्याचा आहे.”

मला वाटलं, जिंकलो. आणि मग कुणीतरी ओरडलं, “देखा! आसरास्नी साहेबले बी धरं! भिंत बांधनारले सोडं नही!”

झालं! साहेबांचं खरं पुन्हा त्यांच्याच अंगावर आलं. पहारी उचलल्या गेल्या.

चाचा पुढे झाले. “भिंत तो मैंने बांधी. मेरे पाँव देखो, कुछ नहीं!”

“तू मुसलमान शे चाचा, तुले आसरा कशाले धरतीन?”

मग माझ्याकडे बोट. “आनि यानी तं शिळा हलाड्यात! पायऱ्या फोड्यात! कारे, तुले कसं काय नही व्हयनं? तू बी तं तठेच जेवना!”

आयुष्यभर मी लोकांना न घडलेलं सांगत आलो. म्हैस बांधलेला नारू लोकांनी मान डोलावून ऐकून घेतला होता. आणि आता घडलेलं सांगायची वेळ आली. समोर सोनामाय बसली होती.

“मी पानी पिनूच नही, माय,” मी म्हणालो.

कुणाला कळलं नाही. सोनामायला कळलं. ती उठून आली. “काय म्हनना?”

“साहेब पिनात. मी नही पिनू. जेवण एकच, घर एकच, शिळा मी हलाड्यात. फक्त पानी पिनू नही.”

तिने मला विजार वर करायला लावली. बैल पारखतात तसा गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग विचारलं, “मंग कोठे टाकं?”

“कणगीना मांगे.”

तिच्या डोळ्यांत मी पाहू शकलो नाही. साहेबांनी मान खाली घातली. गडी पहारी धरून तसेच उभे. ती त्यांच्याकडे वळली.

“पहारी खाले ठेवा.”

* * *

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात गावात नारू निघाला नाही. एकही नाही. उखा पेरणीला स्वतः पाभर धरून उभा राहिला. यात मिठाचा कण नाही, हवं तर वही दाखवतो.

पण तो पुढचा उन्हाळा. मी सांगतोय ते त्याच आठवड्यातलं, भिंत वाचली त्यानंतर चार दिवसांनी आखाजी आली तेव्हाचं.

निरोप आला: विहीरवाल्याने जेवायला यावं. साहेबांनी नाही, चाचांनी नाही. मीच!

गेलो. उखा खाटेवर पाय लांबवून बसला होता. कोपऱ्यात नवी घागर, तिच्यावर आंबा, आणि तोंडाला दुपदरी फडकं करकचून बांधलेलं. मी खाली मान घालून पानावर बसलो. सोनामायने फडकं न सोडता घागर वाकवली, लोटा भरला, माझ्या हातात दिला आणि समोरच उभी राहिली. या वेळी रस आणायला आत गेली नाही.

“गाळेल शे,” ती म्हणाली. “पी.”

मी प्यायलो. एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत. लोटा उलटा करून दाखवला.

तिने तो माझ्या हातातून घेतला. पुन्हा घागर वाकवली, पुन्हा काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे धरला.

“आते हाई मांगला वरीसनं.”