दर नव्या प्रोसेसरला एक मात

नवा प्रोसेसर बसवताना, तो तापू नये म्हणून लावायच्या पांढऱ्या पेस्टचा वास आला, की मला वाशीमचा पत्र्याच्या छपराचा कॉम्प्युटर क्लास आठवतो. रिठदहून एसटीने येऊन मी तिथे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहायचे. एकदा सर स्वतःच त्याच्याशी खेळायला बसले आणि सगळा क्लास घाम पुसत मागे गोळा झाला. सरांचा राजा कोपऱ्यात सापडला होता, पण जुनाट मशीन पुढची चाल शोधत नुसतं घरघरत राहिलं. "काहून वं, हे विचार करून राह्यलं का झोपून राह्यलं?" म्हणत सरांनी बटणच बंद केलं. "जितलो मी!" सगळे खदाखदा हसले. परतीच्या एसटीत मी तो अर्धवट डाव वहीत उतरवला. आज बुद्धिबळाचे प्रोग्राम लिहिणं हेच माझं काम आहे, आणि प्रत्येक नव्या प्रोसेसरला मी आधी तोच डाव देते. पहिल्याला सरांवर मात करायला अख्खा दिवस लागला, मागच्याला चहा उकळेपर्यंत. पुढच्या महिन्यात येणारा म्हणे पापणी लवायच्या आत करेल. सर आता थकलेत. वाशीमला दिसले की मी वाकून नमस्कार करते, आणि घरी येऊन त्यांना पुन्हा एकदा हरवते.